हौदातली मंडळी

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या वयाच्या लोकांत सरांविषयी तीन कथा प्रचलित आहेत, आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिली अशी की, शेवाळाच्या तेलावर इंजिन चालवून दाखवतो म्हणून सरांनी लोक जमवले आणि बाटलीत गुपचूप डिझेल भरले. दुसरी अशी की, इंजिनाचा स्फोट झाला आणि मंगल कार्यालयाच्या गच्चीवरची टाकी फुटली. तिसरी, पैलवानांच्या पत्नीने जागेच्या लोभाने सरांचा हौद मुद्दाम बिघडवला. पहिली कथा सांगणारे गृहस्थ त्या दिवशी पुण्याला मुलाकडे होते. दुसरी सांगणारे हजर होते, परंतु पंगतीत. आणि समोर तांबडा रस्सा असला की शेजारी जगबुडी झाली तरी त्यांना कळत नाही. तिसरी कथा प्रथम कोणी पसरवली हेही मला ठाऊक आहे. त्यांच्या नातवाचे जावळ त्याच कार्यालयात व्हायचे आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

मी तिथे होतो. हौदातले चाक माझे, इंजिन माझे, इंजिनाला टांगलेली बाटलीही माझीच. तेव्हा या विषयात माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारा मनुष्य कोल्हापुरात असेल तर त्याने पुढे यावे. अद्याप कोणी आलेले नाही.

सर आता नाहीत. असते तरी त्यांनी उत्तर दिले नसते. आरोप करणाऱ्याकडे ते खिशातले भिंग काढून रोखून पाहत आणि पुन्हा खिशात ठेवत. त्यांच्या लेखी तेवढ्याने वाद मिटे. माझा तसा मिटत नाही.

इतर प्राध्यापक ज्या खिशाला पेन लावतात, त्या खिशात त्यांचे हे भिंग दोरीने बांधलेले असे. पँटच्या खालच्या घड्या कायम हिरवट. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली, पण फुलाझाडांविषयी त्यांना फारसे ममत्व नव्हते. गुलाबाकडे पाहून ते म्हणत, "उशिरा आलेला पाहुणा." त्यांचे सारे प्रेम साचलेल्या पाण्यावर. स्कूटरच्या डिकीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या असत आणि रस्त्यात कुठेही हिरवे पाणी दिसले की स्कूटर थांबे, मग मागे ट्रक असो की मिरवणूक. विद्यार्थी त्यांना डबके सर म्हणत. हे त्यांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी वर्गात सांगितले की, सृष्टीची सुरुवात डबक्यातच झाली, तुमचीसुद्धा. तेव्हा घराण्याचे नाव जरा आदराने घ्या.

एकदा ते दत्तदर्शनाला नृसिंहवाडीला गेले आणि परतताना आमच्या घरी एक डबा ठेवून गेले. वाडीहून आलेला डबा म्हणजे बासुंदी, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळते. ती घाटाच्या खालच्या पायरीवरून खरवडून आणलेली शेवाळ होती. बाटल्या संपल्या म्हणून डब्यात भरली होती आणि आमच्या घरी ठेवण्याचे कारण, आमचा फ्रिज मोठा. या प्रसंगाचीही एक खोटी आवृत्ती आहे, आणि ती खुद्द माझ्या घरात आहे. माझ्या पत्नीच्या म्हणण्यानुसार मी त्यातला एक चमचा खाल्ला. मी खाल्ला नाही. चमचा ओठापर्यंत गेला होता, इतकेच.

आम्ही एकाच संस्थेत होतो. ते विज्ञान महाविद्यालयात, मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवीत असे. परंतु खरी ओळख दोघेही निवृत्त झाल्यावर झाली. एका दुपारी ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेले चाकाचे चित्र घेऊन माझ्याकडे आले. मी चित्र पाहिले आणि ते साफ चुकीचे असल्याचे सांगितले. ते म्हणाले, बरोबर काढता आले असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो. या वाक्यानंतर त्या माणसाला नाही म्हणणे मला शक्य झाले नाही.

त्यांना काय हवे होते ते सांगतो, कारण लोकांना त्यात जादूटोणा वाटतो. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल हौद, पाणी गुडघ्याच्याही खाली, मधोमध एक बुटकी भिंत. एका बाजूला पात्यांचे चाक, संथपणे फिरणारे, म्हणजे पाणी भिंतीभोवती अखंड चालत राहते. वर छप्पर नाही, उघडे ऊन. त्या पाण्यात इतके सूक्ष्म शैवाल की एकेक जीव डोळ्यांना दिसत नाही. सगळे मिळून पाण्याचा हिरवा रंग तेवढा दिसतो. त्यांना ऊन द्यायचे, जवळच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर नळीने पाण्यात सोडायचा, थोडा युरिया द्यायचा. ते वाढतात, आणि योग्य वेळी अंगात तेल धरतात. त्या तेलाचे डिझेल होते. सर म्हणत, जमिनीतले खनिज तेल तरी काय आहे? याच मंडळींच्या पूर्वजांचे. जग शिळे खाते आहे. मी ताजे वाढायला बघतो.

मंडळी, हा त्यांचाच शब्द. हौदावर पोचले की वाकून पाहत आणि म्हणत, "मंडळी आज खुशीत आहेत," किंवा, "मंडळींना कालचा धूर मानवला नाही." मंडळींना शेवाळ म्हटलेले त्यांना चालत नसे, शेवाळ म्हणजे माणसे घसरून पडतात ती वस्तू, असे त्यांचे मत.

हौद झाला तो गगनबावड्याच्या रस्त्याला, पैलवानांच्या मळ्यात. पैलवान हे एकेकाळी मैदाने गाजवलेले गृहस्थ. कान मोडलेले, मान खांद्यातच बुडालेली, आणि आवाज असा की कुजबुजले तरी शेजारच्या शिवारात ऐकू जाई. त्यांची मुलगी सरांची विद्यार्थिनी. ती शिकून औषधाच्या कंपनीत लागली, याचे श्रेय पैलवान सरांना देत. म्हणून गुऱ्हाळ आणि म्हशींचा गोठा यांच्यामधला तुकडा त्यांनी सरांना असाच वापरायला दिला. मी चाक केले. मोटर शाहूपुरीतून जुनी आणली. चाक पहिल्याच दिवशी फिरले. ते दोनदा अडले, अशी जी वदंता आहे, तिच्यात तथ्य नाही. एकदाच अडले, आणि तेही बेअरिंग विकणाऱ्याच्या दोषाने.

त्या मळ्याची खरी सत्ता मात्र पैलवानांकडे नव्हती. ती त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे होती. म्हशी त्यांच्या, दूध त्यांचे, आणि दारात आलेला प्राणी जेवल्याशिवाय जाणार नाही हा कायदाही त्यांचा. विजेचे मीटर वाचायला आलेला मनुष्य तिथून भाकरी खाऊन जाई. साप पकडायला आलेल्याला त्यांनी आधी जेवायला बसवले होते, आणि साप तोवर निघून गेला होता. आम्ही दोघे तर रोजचे. सर पथ्य सांगायचे, वहिनी ऐकून घ्यायच्या आणि ताटात आणखी एक भाकरी टाकायच्या.

आता मुख्य मुद्दा. तेल केव्हा धरते, हा तो मुद्दा. पैलवानांना प्रथमपासून खात्री होती की मंडळींना खुराक कमी पडतो. एकदा त्यांनी सरांना विचारलेच.

"मी जल्मभर दूध, तूप, बदाम खाल्लं, तवा अंग धरलं. आन तुमी म्हणतायसा, उपाशी ठेवलं की चरबी चढती?"

सरांनी उलट विचारले, "पैलवान, एकादशी करता?"

"करतो की."

"काय खाता त्या दिवशी?"

पैलवानांनी मोठ्या निष्ठेने यादी सांगितली: साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळी, केळी, म्हशीचे दूध. सर म्हणाले, "एकादशी आणि दुप्पट खाशी. माझी मंडळी तेच करतात."

मग त्यांनी समजावून सांगितले. युरिया मिळतो तोवर हे जीव पिलावळ वाढवण्यात गुंतलेले असतात. एकाचे दोन, दोनाचे चार. युरिया बंद केला की वाढ थांबते, पण ऊन काही थांबत नाही. मग उन्हातून जे मिळेल त्याचे ते तेल करून अंगात साठवतात, पुढच्या वाईट दिवसांसाठी. हिरवा रंग उतरतो, पाणी पिवळे पडते. पिवळे पडले म्हणजे समजायचे, तेल धरते आहे. पैलवान हौदाकडे पाहून म्हणाले, असला पैलवान तालमीत घेणार न्हाय मी.

हे संभाषण गोठ्याच्या भिंतीच्या अलीकडे झाले. वहिनी भिंतीच्या पलीकडे धार काढत होत्या. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे.

हौदाचा शत्रू म्हणजे शेजारचे मंगल कार्यालय. ते पैलवानांच्या भावकीचे, म्हणजे त्यांच्या चुलत घराण्याचे; त्यात पैलवानांचाही वाटा. हौदाचा तुकडा कार्यालयाला अगदी लागून. लग्नाला येणाऱ्या गाड्या रस्त्यावर लागत, रस्त्यावर भांडणे होत, आणि प्रत्येक भांडणानंतर भावकी पैलवानांना विचारी की, त्या हिरव्या पाण्याच्या जागी मुरूम टाकून पार्किंग का करत नाही.

त्यात तो वीज गेल्याचा प्रसंग घडला. भर दुपारचे लग्न, कार्यालयाच्या दारात वऱ्हाड, आणि वीज गेली. कार्यालयाचा जनरेटर सुरू झाला; आमचे चाक मात्र थांबले. चाक थांबले की मंडळी तळाशी बसतात, आणि तशा उन्हात बसली तर नासतात. सरांनी क्षणाचाही विचार न करता पँट गुडघ्यावर दुमडली, हौदात उतरले आणि भिंतीभोवती चालू लागले, पाण्याला पायांनी पुढे लोटत. मी यंत्रशास्त्राचा माणूस; चाक माझे होते, त्याची जबाबदारी माझी. मीही उतरलो. थोड्या वेळाने पैलवान आले, आमच्याकडे पाहिले, आणि काही न विचारता धोतर खोचून आमच्या मागे चालू लागले. त्यांच्या एका पावलात आमच्या दोघांच्या चार पावलांइतके पाणी हले.

वऱ्हाड हौदाशी आले. तीन म्हातारे गोल गोल चालत आहेत, पाणी हिरवेगार. एका पाहुण्याने काठावरून विचारले, "काय करायलासा पावणं? नवस हाय काय?" पैलवान चालता चालताच म्हणाले, "न्हाय ओ. चाक झालोय."

याचे चित्रीकरण कोल्हापुरातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचले. त्यात मी दमून थांबल्यासारखा दिसतो. मी दमलो नव्हतो. चप्पल गाळात रुतली होती.

भावकीचे मात्र हसे झाले आणि त्यांना राग आला. त्यांनी बैठक घेतली. पैलवान अडचणीत होते. त्यांना हौद ठेवायचा होता, पण एकट्याच्या हट्टासाठी घराण्याशी वाकडे घ्यायची इच्छा नव्हती. अखेर ठरले ते असे. घराण्यातल्या एका बाळाच्या येत्या जावळाला भावकी जमेल, त्या दिवशी सरांनी आपल्या तेलावर पाण्याचे इंजिन चालवावे आणि विहिरीवरून कार्यालयाच्या गच्चीवरची टाकी भरावी. टाकी भरून वरच्या नळीतून पाणी सांडले, तर हौद कायम. नाही सांडले, तर दुसऱ्या दिवशी मुरूम. पैलवानांनी शब्द दिला. सरांनी मान डोलावली आणि लगेच मंडळींचा युरिया बंद केला.

हौद हळूहळू उतरू लागला. गडद हिरव्याचा पोपटी झाला, पोपटीचा पिवळसर. सर रोज सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवून मला पाहायला लावत. आत एकेका जीवाच्या पोटात तेलाचे चकाकणारे ठिपके. अधूनमधून थोडे पाणी काढून त्यात तुरटी फिरवत, खाली बसलेला गाळ चक्क्यासारखा फडक्यात टांगत, पापडासारखा वाळवत आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन त्याचे तेल काढून आणत. पहिले तेल छान मधाच्या रंगाचे निघाले. मोठी काढणी शेवटी करायची होती, मंडळी पुरती पिवळी झाल्यावर. हिशेब जमत होता. सर इतके खूश होते की त्यांनी त्या आठवड्यात एका जास्वंदीचेही कौतुक केले.

काढणीआधीचे चार दिवस आम्ही दोघेही प्रयोगशाळेत तेल काढण्यात अडकलो होतो. काढणीच्या दिवशी सकाळी मळ्यात पोचलो, तर हौद हिरवागार.

सर काठावर उभे राहिले. मग थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बाजूला होऊन मला जागा दिली. ठिपके विरले होते. जेवण मिळाल्याबरोबर मंडळींनी साठवलेले मोडून पुन्हा पिलावळ वाढवायला घेतली होती. काठाला एक बादली पालथी पडली होती. सरांनी ती उचलून हुंगली. गोठा धुतलेले पाणी, शेणमूत सगळे, युरियाचा बाप. एक बादली नव्हे, त्या हौदाच्या रंगावरून सांगतो, बऱ्याच दिल्या गेल्या होत्या.

सरांनी बादली स्वच्छ विसळली आणि गोठ्यात तिच्या खुंटीला नेऊन अडकवली. परत येऊन मला म्हणाले, "तुम्ही काही पाहिलं नाही." मी म्हणालो, मी सगळे पाहिले. ते म्हणाले, "मग पाहिलेलं स्वतःपाशी ठेवा." त्यांच्या हयातीत मी ते ठेवले. वहिनींना मी गेल्या महिन्यात विचारले. त्या म्हणाल्या, लिवा की, खरं ते लिवायला काय भ्यायचं. म्हणून लिहितो.

जावळ दोन दिवसांवर. पुन्हा उपास करायला अवधी नव्हता. हाताशी होते ते आधी काढलेले मधाच्या रंगाचे तेल, जेमतेम एक बाटली.

तो दिवस उजाडला. मी माझे जुने ऑइल इंजिन विहिरीवर बसवले होते. इंधनाची टाकी मी मुद्दाम काढून टाकली आणि तिच्या जागी सलाइनची काचेची बाटली उलटी टांगली, जेणेकरून आत काय आहे आणि किती उरले आहे हे प्रत्येकाला दिसावे. हा सर्वस्वी माझा विचार. लोक जमायच्या आधी पैलवान आले. त्यांच्या हातात डिझेलचा डबा होता. ते त्यांच्या परीने कुजबुजले, म्हणजे विहिरीत प्रतिध्वनी उठला.

"सर, वाईच मिसळू काय? कुणाला कळतंय."

लोकहो, डिझेलचा डबा तिथे होता. एवढे सत्य त्या पहिल्या कथेत आहे. आता पुढचे ऐका. पैलवानांचा जीव हौदात होता, सरांपेक्षाही अधिक. शब्द देऊन अडकला होता तो माणूस. सर त्यांच्याकडे पाहून अगदी मृदूपणे म्हणाले, "पैलवान, तुम्ही कधी नुरा धरलीत?"

नुरा म्हणजे आतून ठरवून खेळलेली कुस्ती. कोल्हापूरच्या पैलवानाला हा प्रश्न विचारण्याची हिंमत करू नये. पैलवानांच्या मोडक्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते डबा घेऊन आले तसे परत गेले, आणि तो त्यांनी गुऱ्हाळाच्या पार पलीकडे ठेवला.

लोक जमले. मी हँडल मारले. इंजिन दुसऱ्या फेरीला धरले, आणि धूर निघाला त्याला तळणीचा वास होता. पंगतीतल्या पोरांनी ओरडून विचारले की भजी आहेत काय. पाणी चढू लागले. गच्चीवर भावकीतले एक वडीलधारे टाकीत डोकावून उभे होते आणि वरून किती भरली ते बोटांनी दाखवत होते. सगळे बाटलीकडे पाहत होते. सर बाटलीकडे पाहत नव्हते. ते भिंग काढून इंजिनाच्या नळीतून थेंब कसा उतरतो ते निरखत होते, लग्नात नवरीच्या बापाने भटजीच्या पळीकडे पाहावे तसे.

टाकी निम्म्याच्या थोडी वर आली आणि बाटली संपली. इंजिन दोनदा खोकले आणि थांबले. स्फोट झाला नाही. टाकी फुटली नाही. ती टाकी आजही त्याच गच्चीवर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी जिना चढावा, गुडघे चालत असतील तर. आणि ज्यांचे म्हणणे बाटलीत डिझेल होते, त्यांना माझा एकच प्रश्न आहे. लबाडीच करायची तर ती अर्ध्या टाकीची कोण करतो? इंजिन बंद पडले, याहून मोठा पुरावा सरांच्या सचोटीचा मला माहीत नाही.

गच्चीवरचे वडीलधारे खाली आले. तेही संकोचले होते. म्हणाले, "सर, टाकी काय भरली न्हाय."

"नाही भरली," सर म्हणाले. "तेल कमी पडलं. हिशेब माझा चुकला."

मी तोंड उघडले. सरांनी खिशातले भिंग काढून माझ्याकडे रोखले. मी तोंड मिटले. मग त्यांनी भावकीला विचारले, मुरूम सकाळी येणार की दुपारी, म्हणजे चाक त्याआधी काढून ठेवता येईल. पैलवान पाठ फिरवून उभे होते.

लोक पंगतीला गेले. आम्ही चाक सोडवायला हौदावर आलो, तेव्हा वहिनी तिथे उभ्या होत्या. हातात चहाचा ट्रे, आणि चहा थंड झालेला. जागेचा लोभ म्हणणाऱ्यांनी तो चेहरा पाहिलेला नाही. मी पाहिला आहे.

"सर, खोटं बोलू नगासा," त्या म्हणाल्या. "माझ्या बादलीनं झालं न्हवं हे?"

सरांनी चाकाच्या नटाला पाना लावला.

"पिवळं पडत चाललं रोज. मला न्हाय बघवलं. दारातलं कुत्रंबी आमी उपाशी ठेवत न्हाय. भितीपल्याडनं मला 'उपाशी' एवढंच ऐकाय आलं. खायला घालायचं तुमी इसरलासा आसं वाटलं मला. म्हाताऱ्या माणसाला आठवण राहत न्हाय, म्हणून मीच आपलं घालत गेलो रोज."

सरांनी ट्रे त्यांच्या हातातून घेतला. थंड चहा एका घोटात प्यायले. मग म्हणाले, "वहिनी, बादलीनं झालं नाही. तुमच्या दारात मी जीव उपाशी ठेवला आणि तुम्हाला विचारलं नाही. त्यानं झालं. तेव्हा हिशेब चुकला तो माझाच."

दुसऱ्या दिवशी मुरूम पडला. हौदाचे पाणी पैलवानांनी उसाला सोडले. त्या पट्ट्यातला ऊस पुढे असा काळाभोर आला की भावकीतल्या दोघांनी खासगीत येऊन विचारले, त्या हिरव्या पाण्यात नेमके काय होते. आज त्या जागेवर गाड्या लागतात. भांडणे तरीही होतात. आता कोणाची गाडी कोणाच्या मागे लागली यावरून.

परंतु एवढ्यावर हे संपले असे जे समजतात, त्यांनी वहिनींना ओळखलेले नाही. मुरमाचे ट्रॅक्टर दारात उभे असताना त्यांनी सरांना हाक मारली आणि गोठ्यामागचा म्हशींचा जुना दगडी हौद दाखवला. म्हणाल्या, "हा माझा हाय. ह्यात भावकीचा वाटा न्हाय. ठेवा तुमची माणसं ह्यात. पर उपास करायचा तर मला इचारून."

सरांनी एक बादलीभर मंडळी वाचवली होती. ती त्यात सोडली. मी त्या हौदाच्या मापाचे छोटे चाक केले. तेही पहिल्या दिवशी फिरले, आणि ते एकदाही अडलेले नाही.

पुढे सर जवळजवळ रोज तिथे जात. वहिनी मंडळींना खायला घालीत, सर मंडळींचे कौतुक करीत, आणि तेलाचा विषय कोणी काढत नसे. मंडळी गडद हिरवी, सुखवस्तू आणि तेलाच्या दृष्टीने पूर्ण निरुपयोगी झाली होती. मला हे सहन होत नव्हते. माझे इंजिन तयार होते. मी सरांना टोचून बोललो की, आपण संशोधन करतो आहोत की धर्मशाळा चालवतो आहोत.

दिवाळीच्या आधी एके दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ घेऊन मळ्यात आले. मुलीला मागणी घालायला आल्यासारखे ओट्यावर बसले आणि वहिनींना म्हणाले, मंडळींना थोडे दिवस उपास करावा म्हणतो, तुमची परवानगी असेल तर.

वहिनींनी नारळ हातात घेत विचारले, "पाणी तरी पितील न्हवं?"

"पाण्यातच असतात, वहिनी."

"मग करा. इचारलंसा म्हणून व्हय म्हणतो."

त्यांनी शब्द पाळला, पण त्या हौदाकडे पाहणे त्यांना जमेना. म्हशी तोंड फिरवून बांधल्या आणि मध्ये पोत्याचा पडदा लावला. दारात उपास चालू असता आपण कसे जेवायचे, म्हणून त्यांनी स्वतःही उपास धरला. अर्थात खिचडी, वरी आणि रताळ्यांवर. पैलवानांनाही धरायला लावला. त्या दिवसांत पैलवानांचे वजन वाढले, आणि सरांनी ते आपल्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून सर्वांना सांगितले.

या वेळी मंडळी पुरती पिवळी झाली. कोणी मध्ये आले नाही. तेल निघाले, पण हौदच तेवढासा. खोकल्याच्या औषधाची एक लहान बाटली भरली. हे प्रयोगशाळेत पुढे शुद्ध न केलेले, कच्चे, काळसर हिरवे तेल. मी इंजिन पुसून ठेवले होते. एक मिनिट का होईना, ते चालले असते, आणि भावकीला बोलावून मी त्यांना ते एक मिनिट ऐकवले असते.

सरांनी बाटली उन्हात धरली. मग वहिनींकडे वळले. "पाडव्याला शिंगांना काय लावता?"

पाडव्याला आपल्याकडे म्हशींची सगर असते, हे बाहेरच्यांना सांगावे लागते: म्हशी न्हाऊ-धुऊन, शिंगे तासून, तेलाने चमकवून, मोरपिसे बांधून मिरवायच्या, मोटारसायकलीमागे पळवायच्या. वहिनी म्हणाल्या, गोडेतेल लावतो, दुसरे काय.

मी हरकत घेतली. ती मी आजही मागे घेतलेली नाही. मी म्हणालो, एवढ्या खटाटोपाचे इंधन म्हशीच्या शिंगाला? सर म्हणाले, "तुमचं इंजिन मिनिटभर चाललं, तर आपण दोघं ऐकणार. सगर सगळं गाव बघतं." आणि बाटली वहिनींच्या हातात दिली.

तेव्हा, सरांनी आयुष्यभर खपून म्हशीच्या शिंगाचे तेल काढले, ही जी चौथी कथा हल्ली कानावर येते, ती खोटी म्हणता येत नाही. फक्त ती हसून सांगू नये.

पाडव्याच्या सगरीत वहिनींची म्हैस पुढे होती. तिची शिंगे अशी चमकत होती की बाजूच्या मोटारसायकलींच्या आरशांनी खाली पाहावे. गर्दीतल्या एका गवळ्याने पुढे येऊन शिंगावरून बोट फिरवले, बोट हुंगले आणि विचारले, "वैनी, कुठलं तेल म्हणायचं ह्ये?"

"उपासाचं," वहिनी म्हणाल्या.

गवळ्याला ते कंपनीचे नाव वाटले असावे. कुठे मिळते, असे त्याने विचारले. वहिनींनी मागे बोट केले. त्या सगळ्या गोंगाटात, ढोलाच्या आणि धुराच्या मधोमध, सर दुसऱ्या शिंगाला भिंग लावून उभे होते.